सिनेमाचे पाठभेद

श्रोतेहो, नमस्कार.

१९७४ साली इटलीत मारिओ बावा या दिग्दर्शकानं एक सिनेमा चित्रित केला. दरोडा घालून पळालेले तीन गुन्हेगार, त्यांनी ओलीस धरलेली एक बाई, ज्याची गाडी त्यांनी बळकावली तो माणूस आणि त्याच्यासोबतचं आजारी मूल. जवळजवळ सगळी गोष्ट त्या धावत्या गाडीत घडते. चित्रीकरण होत आलं आणि निर्मात्याचं दिवाळं निघालं. रिळं जप्त झाली. १९८० साली बावा वारले, तेव्हाही ती अडकलेलीच होती. पुढे त्यात ओलीस बाईचं काम केलेल्या लेआ लांडर यांनी तो सिनेमा सोडवण्यासाठी खटपट केली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लुचेर्तोला मीडिया या जर्मनीतल्या एका लहान कंपनीनं तो डीव्हीडीवर काढला. इंग्रजीत त्याचं नाव ‘रॅबिड डॉग्ज’. दिग्दर्शक गेल्यावर जवळजवळ दोन दशकांनी हा सिनेमा प्रेक्षकांपर्यंत पोहोचला, तोही बहुतेकांना भेटला तो थेट डिस्कवर.

आज मी बोलणार आहे ते अशा डिस्क जमवण्याबद्दल. साधारण १९६० ते १९८५ या काळात इटली, स्पेन, फ्रान्स, चेकोस्लोव्हाकिया इथं तयार झालेले भयपट, खूनपट, स्वप्नासारखे तर्क सोडून चालणारे सिनेमे. ज्यांना ‘कल्ट’ म्हणतात, म्हणजे चाहते थोडे, पण जीव टाकणारे. मी ते जमवतो. आणि माझं म्हणणं असं आहे, की कपाट भरण्याची हौस म्हणून या छंदाकडे पाहू नये. कारण या सिनेमांची एकच एक प्रत अस्तित्वात नसते. असतात ते पाठभेद.

मराठी माणसाला पाठभेद समजावून सांगायला नकोत. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. ठिकठिकाणच्या पोथ्या समोर ठेवायच्या, कुठं काय गळलं, कुठं काय घुसडलं ते पाहायचं. जुन्या युरोपीय सिनेमांच्या बाबतीत हेच काम आज लहान लहान डिस्क-कंपन्या आणि त्यांचे ग्राहक करत आहेत.

इतके पाठभेद आले कुठून? एक कारण बाजाराचं. इटलीतले हे सिनेमे सुरुवातीपासून परदेशात विकण्यासाठीच बनत. नट इंग्लंडचा, नटी जर्मनीची, पैसा स्पेनचा. चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपण्याची फारशी फिकीर नसे. ज्याला जी भाषा येते ती तो बोले, आणि नंतर स्टुडिओत सगळ्यांचे आवाज भरले जात. त्यामुळे ‘मूळ भाषा कोणती’ या प्रश्नाला अनेकदा उत्तरच नसतं. बावांच्या १९६० सालच्या पहिल्या गाजलेल्या भयपटात, ‘ब्लॅक संडे’त, बार्बरा स्टील ही इंग्रज नटी आहे, पण इंग्रजी आवृत्तीतही आवाज तिचा नाही, दुसऱ्याच बाईचा आहे. हा सिनेमा अमेरिकेत नेणाऱ्या कंपनीनं त्यातली हिंसा छाटली, संवाद पुन्हा भरले आणि रोबेर्तो निकोलोझी यांचं संगीत काढून लेस बॅक्स्टर यांचं नवं संगीत लावलं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या तर लक्षात येतं, की बॅक्स्टर यांचं संगीत प्रत्येक धक्क्याची आधी सूचना देतं. निकोलोझी यांचं संगीत मात्र वाट पाहायला लावतं. मला निकोलोझी जवळचे वाटतात. पण अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीच्या मनातला सिनेमा बॅक्स्टर यांचा आहे, आणि त्या पिढीच्या आठवणीलाही पुरावा हवाच. पुढे ब्रिटनच्या अ‍ॅरो कंपनीनं दोन्ही आवृत्त्या एकत्र दिल्या, हे फार योग्य केलं.

याच बावांची दुसरी गोष्ट याहून जास्त लागणारी आहे. ‘लिसा अँड द डेव्हिल’ हा त्यांनी मनासारखा केलेला सिनेमा. स्पेनमधल्या टोलेडो शहरात एक प्रवासी तरुणी वाट चुकते आणि एका वाड्यात येऊन पोहोचते. तिथं जिवंत कोण आणि मेलेलं कोण, बाहुलं कोण आणि माणूस कोण, हे कळेनासं होतं. १९७३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या वेळी तो दाखवला, पण कुणी विकत घेतला नाही. तेवढ्यात अमेरिकेत भूतबाधा उतरवण्यावरचा एक सिनेमा तुफान चालला. मग निर्माते अल्फ्रेदो लेओने यांनी त्याच वळणाचे नवे प्रसंग चित्रित करून घेतले, एक पाद्री आणून घातला, मूळ सिनेमातले तुकडे आठवणीसारखे मध्ये मध्ये पेरले आणि १९७५ साली ‘हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ नावानं तो विकला. आज या दोन्ही आवृत्त्या डिस्कवर मिळतात, आणि त्या दोन्ही पाहाव्यात असं मी आग्रहानं सांगेन. आधी बावांची. मग दुसरी. एका माणसाचं स्वप्न कापून त्याच कापडातून दुसऱ्याच मापाचा अंगरखा कसा शिवला जातो, हे इतकं उघड दुसरीकडे कुठं पाहायला मिळत नाही.

दारिओ आर्जेंतो यांच्या १९७५ सालच्या ‘डीप रेड’चं प्रकरण कानानं पकडता येण्यासारखं आहे, म्हणून रेडिओवर सांगायला बरं. इटलीतली प्रत दोन तासांहून थोडी मोठी. परदेशी धाडलेली सुमारे वीस मिनिटांनी आखूड. त्या वीस मिनिटांचे इंग्रजी संवाद कधी भरलेच गेले नाहीत. त्यामुळे पूर्ण सिनेमा इंग्रजीत लावला, की पात्रं बोलता बोलता अचानक इटालियन बोलू लागतात, खाली सबटायटल्स येतात, आणि पुन्हा इंग्रजी सुरू होतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डिस्क बिघडल्यासारखी वाटते. पण कात्री नेमकी कुठं चालली होती हेच ते जोड आपल्याला दाखवत असतात.

कात्री फक्त व्यापाऱ्यांची नव्हती, सरकारचीही होती. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिडिओ कॅसेटवर कुठलंच प्रमाणपत्र लागत नव्हतं. गल्लीतल्या दुकानात इटालियन भयपटांच्या कॅसेट भडक कव्हरांत मांडलेल्या असत. वर्तमानपत्रांनी ओरड केली, पोलिसांनी दुकानांवर धाडी घातल्या. सरकारी वकिलांच्या यादीत एकूण ७२ सिनेमे आले. त्यांतल्या ३९ सिनेमांवर खटले सिद्ध झाले. १९८४ साली कायदा आला आणि प्रत्येक कॅसेटला सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्याआधीच्या कॅसेट तिथले संग्राहक आजही शोधत असतात, कारण कित्येक वर्षं न कापलेली प्रत तेवढ्याच ठिकाणी होती. पंचवीस वर्षांनी, २००९ साली, उघड झालं की हा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचाच राहून गेला होता, म्हणून तो लागू करता येत नव्हता! २०१० साली तो पुन्हा मंजूर करावा लागला.

लुचो फुल्ची यांचा १९८१ सालचा ‘द बियाँड’ त्या ७२ च्या यादीत होता. अमेरिकेत तर तो कापून, संगीत बदलून, नाव बदलून लागला, आणि दिग्दर्शक म्हणून छापलं ‘लुई फुलर’. म्हणजे प्रेक्षकानं फुल्चींचा सिनेमा पाहिला आणि त्याला फुल्ची हे नावही कळलं नाही. १९९८ साली ग्राइंडहाउस रिलीजिंग या कंपनीनं पूर्ण सिनेमा मूळ नावासह अमेरिकेत परत आणला.

हे सारं कळलं कसं? अमेरिकेतले टिम लुकास आणि त्यांच्या पत्नी डॉना यांनी १९९० साली ‘व्हिडिओ वॉचडॉग’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. वेगवेगळ्या देशांतल्या कॅसेट शेजारी ठेवून, मिनिटं मोजून, कुठला प्रसंग कुठं गळला हे त्यात छापलेलं असे. २०१७पर्यंत ते चाललं. पुढे डिस्क काढणाऱ्यांना कोणती निगेटिव्ह, कोणता आवाज शोधायचा याची दिशा अशा लिखाणानं दिली. संग्राहकाची वही आणि अभ्यासकाचा ग्रंथ यांच्यामधली भिंत इथं मला तरी दिसत नाही.

आता थोडं पूर्वेकडे जाऊ. चेकोस्लोव्हाकियात सिनेमा बाजारानं नाही, राजवटीनं अडवला. कारेल काखिन्या यांचा ‘द इअर’, म्हणजे कान, १९७० साली पुरा झाला आणि लगेच कुलुपात गेला. एक उपमंत्री आणि त्याची बायको रात्री सरकारी मेजवानीहून घरी येतात. फाटक उघडं. वीज गेलेली. फोन बंद. त्याच्या खात्यातली माणसं धरली गेली आहेत असं त्याला कळलेलं. आणि घरात कुठंतरी आपलं बोलणं ऐकणारं यंत्र आहे, हे दोघांना ठाऊक. रात्रभर नवराबायको भांडतात आणि भांडताना शब्द जपतात. ते काम करणारे दोघे त्या वेळी खऱ्या आयुष्यातही जोडपं होते. पटकथाकार यान प्रोखाझ्का १९७१ साली वारले. सिनेमा १९९० साली कान महोत्सवात पोहोचला.

या सिनेमाची मोलाची डिस्क काढली ती लंडनच्या सेकंड रन या कंपनीनं. २००५ साली ती सुरू करणारे मेहेली मोदी हे आपल्या सोहराब मोदींचे आणि मेहताब यांचे चिरंजीव. ‘पुकार’, ‘सिकंदर’ काढणाऱ्या मिनर्व्हा मूव्हीटोनच्या घरातला माणूस लंडनमध्ये बसून चेक, हंगेरियन, पोलिश सिनेमे जगापुढे आणतो, याचा मला फार अभिमान वाटतो. फ्रान्तिशेक व्लाचिल यांचा ‘मार्केता लाझारोवा’, युराय हेर्त्स यांचा ‘द क्रिमेटर’, व्हेरा खितिलोव्हा यांचा ‘डेझीज’ हे सगळे सेकंड रननं काढले. आणि आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी केलेला ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपटही सेकंड रनच्याच यादीत आहे. रिळं वाचवणाऱ्या माणसाला तिथं योग्य शेजार मिळाला.

जमवणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. कव्हरच्या पाठीवर मिनिटं लिहिलेली असतात, ती आधी वाचा. पण एक खुबी लक्षात ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो; युरोपातल्या ‘पाल’ या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ नी चालवतात. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि एकही प्रसंग कापलेला नसतो. मात्र सूर चढतो. पांढरी एकमधलं संगीत काळी एकच्या जवळ जातं. कान तयार असेल तर खटकतं. ब्लू-रे मात्र बहुतेक वेळा मूळ गतीनं चालते. दुसरी अडचण रीजनची, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या विभागणीची. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या रीजनमध्ये आणि ब्लू-रेसाठी सी रीजनमध्ये येतो. ब्रिटन बी मध्ये, अमेरिका ए मध्ये. म्हणून रीजन-फ्री प्लेअर आधी घ्यावा, डिस्क मागाहून.

आणि नवी डिस्क आली म्हणून जुनी विकू नका. नव्या प्रतीत चित्र स्वच्छ असतं, पण जुनीवरची कॉमेंट्री, एखादी मुलाखत, एखादा डब केलेला आवाज नवीवर येईलच असं नाही. रंगांचंही तसंच. १९७७ सालच्या ‘सस्पिरिया’चे लाल-निळे रंग टेक्निकलरच्या रंगछपाईतून आले होते, मधल्या काळातल्या कित्येक प्रतींत ते भलतेच दिसत. सिनॅप्स कंपनीनं २०१७ साली छायालेखक लुचानो तोव्होली यांच्या देखरेखीखाली ते जागेवर आणले आणि त्याबरोबर १९७७ च्या थिएटरातलं चार वाहिन्यांचं ध्वनिमिश्रणही शोधून लावलं. गोब्लिन या वाद्यवृंदाचं संगीत त्यात चहूबाजूंनी कुजबुजतं. त्या एका आवाजासाठी मी ती डिस्क पुन्हा घेतली असती.

आपल्याकडचंही सांगतो. मोंडो मकाब्रो ही अशाच आडवाटेच्या सिनेमांची कंपनी. पीट टूम्ब्स आणि अँडी स्टार्क यांनी ती चालवली. स्पेन आणि फ्रान्सच्या भयपटांच्या रांगेत त्यांनी रामसे बंधूंचा १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’ आणि १९९०चा ‘बंद दरवाजा’ इंग्रजी सबटायटल्ससह, माहितीपटासह आणले. आपण एस.टी. स्टँडजवळच्या थिएटरात पाहून विसरलेले सिनेमे परदेशातल्या कुणी आदरानं मांडून ठेवले. युरोपचे कल्ट सिनेमे जमवणाऱ्या लोकांमुळेच हे घडलं, कारण तोच ग्राहक पुढची डिस्कही घेत होता.

कुणाला सुरुवात करायची असेल तर ‘द इअर’पासून करा. रक्त नाही, भुतं नाहीत, दीड तासाचं काम आहे, आणि सेकंड रनच्या बऱ्याच डिस्क कुठल्याही रीजनमध्ये चालतात. आतली पुस्तिका मात्र सिनेमा पाहून झाल्यावरच उघडा. असल्या निबंधांत शेवट सांगून टाकलेला असतो.