मंचाच्या कडेची पेटी

(दृश्य: देवळासमोरचा मंडप, रात्र. नांदी सुरू आहे.)

कार्तिकी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस येतात, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार, म्हणजे पुराणकथांवरचं कोकणातलं लोकनाट्य, आलाच. नेरूर असो की वालावल, सगळ्यांचे डोळे राजावर, राक्षसावर, स्त्रीपार्टीवर खिळलेले असतात. आज आपण मंचाच्या कडेला बघूया. तिथे पेटीवाला (पेटी म्हणजे हार्मोनियम), मृदुंगवाला आणि झांजवाला बसलेत. रात्रभर ते तिथून हलणार नाहीत.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो, संवाद तिथल्या तिथे सुचतात. त्यामुळे नट पद कधी उचलेल, हे पेटीवाल्याला आधी कुणी सांगत नाही. बघा, राजा बोलता बोलता थांबला. त्याने श्वास घेतला, आणि तो गायला लागायच्या आधी पेटीतून सूर आला. कुणाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी एक, कुणाची पांढरी चार. मंडळातल्या प्रत्येकाचा गळा या माणसाला पाठ आहे. नट चढ्या सुरात गेला तर पेटी त्याला सावरून घेते, तो शब्द विसरला तर एखादी तान घेऊन वेळ काढते.

(दृश्य: पायपेटीचा पायटा, वर दोन्ही हात.)

ही पायपेटी. भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. पुढे कोलकात्यात तिला हाताचा भाता मिळाला आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांची झाली. १९४० ते १९७१ आकाशवाणीने मात्र तिला दूर ठेवलं. तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांशी, जुळत नाहीत, हे आक्षेप होते. ते खोटे नव्हते. पण त्या काळात कोकणातल्या देवळांतून पेटी एक रात्रही गप्प बसली नाही, आणि मला तो कौल जास्त मोठा वाटतो.

त्या आक्षेपांना खरं उत्तर बोटांनी दिलं. गुहागर तालुक्यातल्या अडूरचे गोविंदराव पटवर्धन. जन्म १९२५. छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व अशा दिग्गजांच्या शेजारी बसून त्यांनी साथ केली, संगीत नाटकांना ऑर्गन वाजवला. ते एकट्याने नाट्यपद वाजवू लागले की ऐकणाऱ्याला पदातले शब्द ऐकू येत. मींड नसलेल्या वाद्यावर हे कसं जमतं? एक पट्टी पुरती सुटायच्या आत दुसरी दाबायची, भात्याचा दाब शब्दाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करायचा. गाणं आधी कानात पक्कं हवं, बाकी सगळं त्यानंतर. गोव्यात बोरीचे तुळशीदास बोरकर याच वाद्यासाठी २०१६ साली पद्मश्री झाले.

(दृश्य: युद्धाचा प्रसंग.)

आता मृदुंगाकडे कान द्या. डाव्या तोंडावर ओली कणीक थापली आहे, म्हणून घुमारा एवढा खोल. तलवारीचा वार आणि मृदुंगाची थाप एकाच क्षणी पडायला हवी. ती जरा चुकली तर राक्षस मेला तरी प्रेक्षकाला खरं वाटत नाही.

डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, तर बुवा स्वतःच पेटीवर असतो. गायचं, वाजवायचं, समोरच्या बुवाला उत्तर द्यायचं, आणि गजर चढवत न्यायचा. पखवाजवाल्याने त्या चढत्या लयीत दम सोडला तर बारी तिथेच पडते.

(दृश्य: पाऊस. पडवीत उघडलेली पेटी.)

पावसाळा पेटीला मानवत नाही. खाऱ्या दमट हवेने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळी पत्त्यांचे सूर उतरतात किंवा चढतात. दुरुस्त करणारा एकेक पत्ती बाहेर काढतो. पत्ती टोकाकडे खरवडली तर सूर चढतो, मुळाकडे खरवडली तर उतरतो. हात जरा जास्त चालला तर पत्ती वाया. तो खरवडतो, फुंकतो, ऐकतो, परत खरवडतो. त्याच्या पडवीत वाडीवाडीच्या पेट्या ओळीने लागल्या आहेत, कारण गणपतीत भजनाची मंडळं घरोघर फिरणार. आणि दारात येणारा प्रत्येक जण एकच सांगून जातो, “माझी पेटी चवथीच्या आदी व्हयी हां!”