नाझ्काच्या रेषा बघायला छोट्या विमानात बसण्याआधी

नमस्कार मंडळी. आपल्याकडून हल्ली बरेच लोक माचू पिचू बघायला पेरू देशात जातात आणि त्यातले काही नाझ्कालाही जाऊन येतात, लिमाहून दक्षिणेला बसने सात-एक तास, सगळं वाळवंट. तिथं जमिनीवर माकड, कोळी, हमिंगबर्ड अशी चित्रं आहेत, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची. वरचे काळपट तांबडे दगड बाजूला सारले की खालची फिकट माती उघडी पडते, बस एवढंच केलंय, पण पाऊस जवळपास नाहीच म्हणून अजून टिकलंय. तो हमिंगबर्ड सुमारे ९३ मीटर लांब आहे, जवळ उभं राहून काय कळणार, म्हणून वरनं बघायचं, सेसनाच्या छोट्या विमानातनं.

पण मोठ्या विमानाचा अनुभव इथं उपयोगाचा नाही हं. पायलट एकेका चित्रावर विमान आधी एका बाजूला कलवतो, मग गिरकी मारून परत येतो आणि दुसऱ्या बाजूला कलवतो, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांना दिसतं. त्यामुळे खिडकीवरून वाद घालू नका, तसंही सीट वजनावरून ठरते, आधी काट्यावर उभं करतात, विमानाचा तोल सांभाळायचा असतो ना.

आणि या गिरक्या चांगल्या अर्धा तास चालतात. घाटात गाडी लागत असेल तर इथं लागणार असंच धरून चाला. पोटभर नाश्ता नको, एकदम उपाशीही नको, थोडं कोरडं काहीतरी खा आणि उलटीची गोळी निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फार फायदा नाही. शक्यतो सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा वाढतो आणि विमान जास्त हलतं. सकाळी कधी धुक्यामुळे उशीर होतो, म्हणून पुढची बस लगेचची बुक करू नका. पासपोर्ट जवळ ठेवा.

मोबाईलचं मात्र मनापासून सांगतो. माकड आलं तेव्हा मी स्क्रीनमध्येच बघत बसलो, त्यात नुसती करडी जमीन हलत होती, शेपटीचं ते गोल वेटोळं मला दिसलंच नाही आणि पोटात ढवळायला लागलं तेही तिथूनच. पायलट हेडफोनवर सांगतो, पंखाच्या टोकाखाली बघा, तेव्हा खरंच तिथंच बघा. आकार आदल्या रात्री फोटोत नीट बघून ठेवा, कारण रेषा फिकट आहेत आणि आजूबाजूला सरळ रेघांची गर्दी, नजर चटकन बसत नाही.

उतरल्यावर पोट शांत झालं की हायवेवरच्या मनोऱ्यावर जा. मारिया राइशे या जर्मन गणितज्ञ बाईंनी तो १९७६ मध्ये उभारला, आयुष्यभर त्या या रेषा मोजत आणि झाडूने साफ करत राहिल्या. तिथनं झाड आणि हात जवळून दिसतात, आणि शेजारीच तो सरडा, ज्याच्या अंगावरनं पॅन-अमेरिकन हायवे गेलाय.