कुंभकर्णाचा संबळ

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय एका चित्रपटाविषयी. हातानं काढलेल्या चित्रांचा चित्रपट, ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो लहानपणी टीव्हीवर पाहिला असेल, मोठ्या सुट्टीत, जमिनीवर पालथं पडून, हनुवटीखाली उशी घेऊन. २४ जानेवारी २०२५ रोजी तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला, चित्रं नव्यानं उजळून, स्वच्छ करून. मी नाशिकला जाऊन पाहिला. त्यातल्या एका प्रसंगासाठी गेले होते. कुंभकर्णाला उठवतात तो प्रसंग. त्या वेळी वाजणारा संबळ माझ्या कानात इतकी वर्षं घुमत होता.

संबळावर येतेच. आधी चित्रपटाचं थोडक्यात सांगते.

हा चित्रपट जपानी माणसाच्या ध्यासातून आला. त्याचं नाव युगो साको. १९८३ च्या सुमारास ते उत्तर प्रदेशातल्या पुरातत्त्व उत्खननावर माहितीपट करत होते. त्या कामातून रामायण त्यांच्या हाती लागलं आणि मग सुटलंच नाही. ही कथा माणसांकडून अभिनय करून घेण्यापेक्षा चित्रांतून सांगावी, असं त्यांना वाटलं. त्यांच्यासोबत दिग्दर्शनाला कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. राम मोहन १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात लागले आणि आयुष्यभर चित्रं चालती-बोलती करत राहिले. धोतराची निरी कशी पडते, नमस्काराला हात कसे जुळतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना माणूस कसा वाकतो, हे सगळं भारतीय मंडळींनी जपानी चित्रकारांना दाखवलं. संगीत वनराज भाटियांचं.

आणि किती चित्रं? पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकतं असं धरलं, तर सेकंदाला १२ चित्रं. चित्रपट १३५ मिनिटांचा. गुणाकार करा, ९७ हजार २०० येतात. म्हणजे जवळपास एक लाख. पुन्हा सांगते, एक लाख चित्रं, माणसांनी हातानं काढलेली. म्हणून माझी एक विनंती आहे. शेवटी नावं येऊ लागली की लगेच उठू नका. परवाही दिवे लागायच्या आत निम्मं थिएटर जिन्यात होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं बसून रेषा ओढल्या, त्यांची नावं दोन मिनिटं वाचायला काय हरकत आहे?

आता संबळ.

साल २००६, मे महिना. मी सहावीत जाणार होते. आजोळ निफाड तालुक्यात, द्राक्ष-कांद्याच्या मुलखात. भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असायचं आणि ती त्याच्याही आधी जायची. त्या संध्याकाळी केबलवर हा चित्रपट लागला. आम्ही सात-आठ मुलं टीव्हीपुढे. मागे आजी, लसूण सोलत. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिला हिंदी अर्धंमुर्धं कळायचं, पण रामायण कळायला तिला हिंदीची गरज नव्हती. वनवासातली हिरवीगार झाडी दिसली तेव्हा म्हणाली, “आपली पंचवटी अशी होती होय!” आणि सोललेला लसूण हातातच राहिला.

होता होता लंकेत युद्ध पेटलं. आता कुंभकर्णाला उठवणार, आणि वीज गेली.

काय ओरडा झाला! एक जण तर रडायलाच लागला. आजी अंधारातूनच म्हणाली, “वीज गेली म्हणून युद्ध थांबतंय का? चला अंगणात.”

अंगणात बाजेवर आमचा धाकटा मामेभाऊ झोपला होता. सहा वर्षांचा, गुटगुटीत. दिवसभर कांद्याच्या चाळीत खेळून दमून निजला होता, चित्रपट सुरू झाल्याचंही त्याला माहीत नव्हतं. आजीनं त्याच्याकडे बोट केलं. “हा कुंभकर्ण.”

मग तिनं आधी स्वयंपाक सांगितला. झोपेतून उठलेल्याला भूक लागते, म्हणून शंभर सुपं भरून बाजरीच्या भाकरी, हंडाभर पिठलं, रांजणभर ताक. वाल्मीकींनी युद्धकांडात कुंभकर्णापुढे अन्नाच्या राशी रचल्या आहेत, शंख फुंकलेत, नगारे बडवलेत, अंगावरून हत्ती चालवलेत. हे मी पुढे वाचलं. आजीच्या लंकेत हत्ती नव्हते. ती म्हणाली, “देवीच्या जागरणाला संबळ लागतो, मग एवढ्या मोठ्या राक्षसाला जागं करायला नको का?” आणि घरातून पितळेची परात आणवली, उपडी घातली, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात लाकडी डाव.

श्रोतेहो, तसा संबळ मी पुन्हा ऐकला नाही. आधी सावकाश, मग चढत चढत. सप्तशृंगीच्या वाटेवरच्या गोंधळ्यांकडून तिच्या कानांनी उचललेला ठेका असणार. आम्ही बाजेभोवती नाचतोय, “उठा उठा कुंभकर्ण!” म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतोय, शेजारची मंडळी कंदील घेऊन बघायला आली, कुत्री भुंकायला लागली. आणि बाजेवरचा कुंभकर्ण? ढिम्म. कूससुद्धा बदलली नाही. आजी थांबली, त्याच्या नाकाशी हात धरून बघितला, म्हणाली, “खरा राक्षस जन्माला आलाय,” आणि पुढचं युद्ध त्याच्याशिवायच उरकलं. वीज आली तेव्हा टीव्हीवर भलताच कार्यक्रम चालू होता.

मामेभावाला पुढे सगळं घर कुंभकर्णच म्हणायचं. लग्नपत्रिकेत तेवढं छापायचं राहिलं.

इथे मनातलं एक बोलते. घरोघरी इन्व्हर्टर आले, चांगलंच झालं, मुलांच्या अभ्यासाची सोय झाली. पण आठवड्यातून अर्धा तास घरातले दिवे मुद्दाम मालवावेत, असं मला मनापासून वाटतं. अंधारात माणूस गोष्ट वेगळी सांगतो आणि वेगळी ऐकतो. रेडिओवर बोलणाऱ्या बाईला हे वाटणारच, म्हणा.

आणि दुसरं. २०२५ मध्ये हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत लागला. मराठीत नाही. ज्या गोष्टीतली पंचवटी आपण नाशकात दाखवतो, ती आपल्या मुलांनी हिंदीतून ऐकायची? या चित्रपटातली संस्कृत गाणी वसंत देवांनी लिहिली आहेत, मराठी नाटकं हिंदीत नेणारे ते वसंत देव. त्यांनी बांधलेल्या पुलावरून उलट कुणी आलं असतं तर किती बरं झालं असतं. मराठी आवृत्ती व्हायला हवी. अजूनही व्हायला हवी.

तर नाशिकचं थिएटर. सोबत मामेभाऊ होता, आता पंचवीस वर्षांचा. मोठ्या पडद्यावर ती लंका, ते समुद्राचं पाणी, हनुमानाची झेप, टीव्हीच्या चौकोनात यातलं काहीच मावलेलं नव्हतं. आवाज नवे आहेत. जुन्या हिंदी आवृत्तीत रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता, त्याची मला फार आठवण आली. पण रेषा त्याच. डोळे, केस, वस्त्रांच्या चुण्या, कुठे घाई नाही. युगो साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. दोघांनाही ही गर्दी बघायला मिळायला हवी होती.

आणि कुंभकर्णाचा प्रसंग आला. मी सरसावून बसले. कुंभकर्ण उठला, चालायला लागला, धरणी हादरली.

संबळ वाजलाच नाही.

कसा वाजेल? तो चित्रपटात कधी नव्हताच. वनराज भाटियांच्या संगीतात आजीची परात माझ्या कानांनी कधी मिसळून टाकली, मला कळलंच नाही. इतकी वर्षं मी तो संबळ चित्रपटातला म्हणून लोकांना सांगत होते. आजी जाऊन आठ वर्षं झाली. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारून मामेभाऊ वाकून हळूच म्हणाला, “ताई, संबळ कुठं गेला गं?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, “तू जागा होतास?”

“पहिल्या ठेक्यालाच जागा झालो होतो.”

“मग उठला का नाहीस?”

तो पडद्याकडे बघत होता. तिथे रामानं बाण जोडला होता.

“उठला की कुंभकर्ण मरतो,” तो म्हणाला. “मला माहीत होतं.”