दाराशी अंथरलेली सतरंजी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला, की संध्याकाळपर्यंत शेजारून जेवणाचे डबे येतात आणि रात्री रुग्णालयात थांबायला नातेवाइकांची अहमहमिका लागते. पण घरातला तरुण मुलगा चार रात्री झोपलेला नसेल आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे बोलत असेल, तर त्या घराचे दार आतून बंद होते, आणि ‘त्यांना अवघडल्यासारखे होईल’ असे म्हणत आपणही लांब राहतो. त्या दाराआड आजारी माणसाला सांभाळणारा जो असतो, त्याच्याविषयी मला आज बोलायचे आहे.

माझ्या एका मित्राच्या धाकट्या भावाला असा त्रास सुरू झाला, तेव्हा मी फोनवर ‘काही लागले तर सांग’ असे म्हणालो आणि आठ दिवस त्याच्या फोनची वाट पाहत बसलो. नवव्या दिवशी घरी गेलो, तर मुख्य दाराशी सतरंजी अंथरलेली होती. भाऊ रात्री निघून जाऊ नये म्हणून माझा मित्र दाराला पाठ लावून झोपत होता आणि सकाळी नऊला कामावर हजर होत होता. आपल्याला काय हवे आहे, याचा विचार करण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नव्हते. त्या रात्री मी सतरंजीवर झोपलो आणि तो आतल्या खोलीत सलग सात तास झोपला. ते आठ दिवस मला अजून बोचतात.

अशा घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी देवऋषी सुचवतो, कुणी ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ म्हणतो. मित्राने या गर्दीत भर घालू नये. त्यापेक्षा 14416 हा क्रमांक रुग्णाला सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तो फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येते आणि रुग्णाऐवजी घरच्यांनी किंवा मित्राने केला तरी चालतो. रुग्ण मरणाची भाषा करीत असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि शेतीघरातील कीटकनाशके हलवावीत आणि 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी घरे आजही आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 असे सांगतो की, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये.

भावाला दाखल करावे लागले, तेव्हा मित्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘मी त्याला टाकून आलो.’ रुग्णाची संमती नसताना दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, पहिली मुदत 30 दिवसांपलीकडे जात नाही आणि निर्णयाविरुद्ध रुग्णाला दाद मागता येते, हे सारे मी त्याला समजावले. त्याने ऐकून घेतले. पण त्याचे रडू थांबले ते, मला वाटते, मी बोलायचा थांबल्यावर.

खरी परीक्षा पुढे असते. भाऊ घरी आला, की लोकांच्या लेखी प्रकरण संपते; गोळ्यांचा परिणाम दिसायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि जरा बरे वाटले की त्या बंद करण्याचा मोह रुग्णालाही होतो व घरालाही. म्हणून महिन्यातून एका मंगळवारी मी त्या दोघांबरोबर बाह्यरुग्ण विभागात जातो. प्लास्टिकच्या पिशवीतले कागद घेऊन रांगेत मी उभा राहतो, भाऊ माझ्या शेजारच्या बाकावर बसतो, आणि मित्र तेवढ्या वेळात खाली जाऊन चहा पिऊन येतो.