बारा पाऊण नऊ : मालवणच्या पाण्यात एक दिवस

(मालवणचा धक्का. उजाडतंय. होड्यांच्या रांगा.)

जानेवारीतली सकाळ. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय. याला इथे मतलई म्हणतात. मतलई असली की पाणी कसं तेल ओतल्यासारखं निवांत असतं. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो, आणि मग लाटा उठतात. म्हणून स्नॉर्कलिंगची होडी सकाळचीच.

पण सकाळी नेमकं किती वाजता, ते दर दिवशी वेगळं. आमचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, तिथी विचारतात. आज द्वादशी. ते पुटपुटतात, "बारा पाऊण नऊ." झाला हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ निघते. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण होडीला तेवढं पुरतं. शाळेतून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कधीच गेली. या किनाऱ्यावर ती अजून रोज कामाला येते.

नऊला भरती, म्हणजे तीनच्या सुमाराला ओहोटी. आपला सगळा दिवस या दोन आकड्यांवर बेतलाय. भरतीला पाण्याखाली जायचं, ओहोटीला वाळूच्या बेटावर.

(होडी सुटते. इंजिनाचा आवाज. समोर सिंधुदुर्ग.)

होडी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. बारा माणसं. पुण्याचं एक कुटुंब, कोल्हापूरच्या दोघी बहिणी, सोलापूरहून आलेले चार मित्र, ज्यांनी काल संध्याकाळी पहिल्यांदा समुद्र पाहिला. लाइफ जॅकेटचे पट्टे तांडेलांचा पुतण्या स्वतः ओढून बघतो. तोच आपला गाईड. घराणं गाबितांचं, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. आजोबांनी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलं, वडिलांनी जाळी टाकली, आणि हा मुलगा लोकांना मासे दाखवायला नेतो.

आता समोर बघा. तटाच्या पायथ्याशी पाणी फुटतंय, तिथे. ते काळे खडक भरतीला बुडतात, ओहोटीला डोकं वर काढतात. स्थानिक शब्द खडप. शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं त्याचं मोठं कारण हे खडपच. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, वखारी टाकून बसलेले इंग्रज आणि डच, सगळ्यांकडे मोठी जहाजं होती. मोठं जहाज या खडपांतून वाट काढू शकत नाही. वाट ठाऊक होती ती इथल्या होड्यांना. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली. त्याआधीची पूजा किनाऱ्यावरच्या खडकावर झाली, त्याला आजही मोरयाचा धोंडा म्हणतात. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. तीन वर्षांत समुद्राच्या मधोमध सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला.

होडी त्याच खडपांमधून चाललीय. इंजिन मंद. तांडेल उभे राहून पाण्याचा रंग वाचतात. हिरवट म्हणजे वाळू, काळपट म्हणजे खडक. नकाशा समोर नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

आणि इथे होडी थांबते.

(दोरीचं दृश्य. पाण्यावर तरंगणारा निळा कॅन.)

हे दृश्य आम्ही लांब ठेवलंय. गाईड पाण्यात उडी मारतो, तरंगत्या निळ्या कॅनची दोरी पकडतो आणि होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, खाली वाळूत, सिमेंटचा ठोकळा आहे. तांडेलांनी तो स्वतः ओतला, होडीत घालून आणला आणि खडकापासून दूर, मोकळी वाळू बघून सोडला. जागा निवडायला त्यांना दोन दिवस लागले, कारण ठोकळा पावसाळी उधाणात सरकता कामा नये आणि होडी वाऱ्याने फिरली तरी दोरी खडकाला घासता कामा नये. दोरीला मध्ये एक छोटा तरंग बांधलाय, तोही त्याचसाठी. दर हंगामात दोरी बदलतात. शिंपले धरले की ती कापली जाते.

होडीत नांगर आहे. चार फाळांचा, लोखंडी. तो आज फळीखालून बाहेर निघालेला नाही.

(मास्क, नळ्या. माणसं पाण्यात उतरतात.)

स्नॉर्कलिंगला पोहता यावंच लागतं असं नाही. डोळे आणि नाक झाकणारा मास्क, तोंडात धरायची नळी, अंगावर जॅकेट, हाताला टायरसारखी रिंग. रिंग गाईड ओढतो. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून धुतात, जगभर हेच करतात. केसांची बट मास्कखाली राहिली तर पाणी शिरतं. मिशीवाल्यांना थोडं शिरतंच. नाकाने श्वास घ्यायची सवय पहिली पाच मिनिटं आडवी येते. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकायचं. घाबरलेल्या माणसाला गाईड एकच काम देतो. तोंड पाण्यात घाल आणि फक्त श्वास मोज.

सोलापूरचा हा मुलगा. दोनदा डोकं वर काढलं त्याने. तिसऱ्यांदा काढलं नाही.

(पाण्याखाली. निवेदन काही क्षण थांबते. फक्त आवाज.)

हा आवाज आम्ही नंतर घातलेला नाही. फोडणीत मोहरी तडतडावी तसा. खडकाच्या फटींत राहणाऱ्या इवल्या कोळंब्या आपली नांगी झटकन मिटतात, त्याचा हा आवाज. जिथे खडक जिवंत असतो तिथे तो दिवसरात्र चालू असतो.

खोली दोन पुरुष, फार तर अडीच. भरती पुरी होत आलीय, बाहेरचं निवळ पाणी आत शिरलंय. सहा तासांनी याच जागी खाडीचं गढूळ पाणी येईल आणि यातलं निम्मं दिसणार नाही.

पिवळसर अंगावर काळे पट्टे, हे सार्जंट मासे. तो निळाहिरवा पोपटमासा खडक कुरतडतोय. त्याचं तोंड खरोखर पोपटाच्या चोचीसारखं असतं. खडकावरचं शेवाळ खरवडताना प्रवाळाचा चुराही पोटात जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. फटीत गोबरा बसलाय, हलत नाही. काटेरी चेंडू म्हणजे समुद्री साळिंदर, त्याच्यापासून हातभर लांब.

आणि हा मोहरीच्या रंगाचा गोळा. दगड वाटतो. दगड नाही. त्याच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव आहेत, प्रत्येकाला तोंड आहे, तोंडाभोवती स्पृशा, म्हणजे बारीक सोंडा, आहेत. हे प्रवाळ. अंगठीत घालतात ते लाल पोवळं वेगळं, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. इथले प्रवाळ खडक बांधणारे आहेत. पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःच्या पायाखाली घर रचतात, आणि त्या घरावर पुढची पिढी आपलं घर रचते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बहुतेक प्रवाळाला देतं. हा रंगही त्या शैवालाचाच. रात्री प्रवाळ स्पृशा बाहेर काढून तरंगते बारीक जीव पकडतात.

वाढ किती? अशा घट्ट गोळ्याची वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर. कॅमेऱ्यासमोरचा हा गोळा घागरीएवढा आहे. पंधरा-वीस वर्षांचं काम. शेजारी पत्रावळीसारखा पसरलेला, कडा वर वळलेला, तो दुसऱ्या जातीचा. गोळा टणक असतो, पत्रावळ मात्र टाचेच्या एका धक्क्याने मोडते.

(गाईड हाताने खूण करतो. एक पर्यटक पाय वर घेतो.)

इथे गाईड ओरडतो ते नीट ऐका. "पाय टेकव नको, तां जितां आसा!" दमलेला माणूस उभं राहायला जागा शोधतो, ते साहजिक आहे. म्हणून हा मुलगा रिंग सतत खोल पाण्यावर ठेवतो, पायाखाली टेकायला काही येऊच देत नाही. एका फेरीत तिघांपेक्षा जास्त माणसं घेत नाही. बारा जणांना चार फेऱ्या. दीड तास गेला.

(माशांचा थवा कॅमेऱ्याभोवती.)

हे दृश्य सगळ्यांना आवडतं. आम्हालाही आवडलं. मासे एवढे जवळ आले कारण बाजूच्या होडीतून पाव टाकला गेला. पावाची सवय लागलेला मासा शेवाळ खरवडायचं सोडतो, आणि शेवाळ प्रवाळावर चढतं. आमच्या होडीत पाव नव्हता. तरीही मासे दिसले, ते तुम्ही आधी पाहिलेत.

आणि हा पांढरा ओरखडा. चार फाळ, चार रेघा. नांगर ओढला गेल्याची खूण. खडकांच्या मधल्या ज्या जागेत पंचवीस-तीस होड्या सकाळी उभ्या राहतात, तिथे निळे कॅन किती आहेत ते आम्ही मोजले. दोन.

हा परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या ओळीत. मासेमारीवर बंधनं येतील या भीतीने गावात अभयारण्याबद्दल राग होता, आणि तो समजण्यासारखा आहे. पाणी तापलं की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात, गेल्या दशकात मालवणलाही तसं झालं.

(किल्ल्याचा दरवाजा.)

आता किल्ला. दरवाजा कुठे आहे ते समोर येईपर्यंत कळत नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. पुण्याच्या आजी ठशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. तो वेळ आम्ही कापलेला नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात सिंधुदुर्ग आहे. तटावरून खाली बघा. आपण सकाळी जिथे होतो ते पाणी इथून दिसतं. तटाला वाचवणारा खडप आणि प्रवाळाला पाया देणारा खडप एकच आहे. माहितीफलक तटाला आहेत.

(होडी दक्षिणेकडे. उजवीकडे मोकळा समुद्र, डावीकडे तारकर्लीचा किनारा.)

तारकर्ली मागे पडते, देवबाग सुरू होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये माडांची अरुंद पट्टी. समुद्र ही पट्टी खातोय, दगडांचे बंधारे दिसतायत ते त्यासाठी.

डॉल्फिन! तिकडे, दोन. पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्याजवळ राहणारे. तांडेलांनी इंजिन बंद केलं. पाठलाग केला नाही. चार मिनिटांनी ते आपणहून जवळून गेले.

जेवण देवबागला, एका घरी. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तांडेलांच्या मते बांगडा आजचाच होता, रापणीचा.

(वाळूचं बेट. पक्षी.)

तीन वाजले. बारा पाऊण नऊ, त्यात सहा मिळवले. कर्लीच्या मुखाशी पाणी उतरलं आणि वाळू वर आली. सकाळी इथून होडी जात होती. याला त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं लोक सांगतात. दर पावसाळ्यात तिचा आकार बदलतो. काठावर उतरलेले हे तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्याचे पाहुणे, यांची वीण लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर होते. हिवाळ्यात डोक्याचा तपकिरी रंग उरत नाही, डोळ्यामागे फक्त ठिपका राहतो. पलीकडे बनाना राइडच्या बोटी, स्टॉल, संगीत. ते आम्ही फारसं चित्रित केलं नाही.

सोलापूरचा तो मुलगा पुन्हा पाण्यात उतरलाय, गुडघाभर पाण्यात, मास्क लावून. खाली फक्त वाळू आहे. तो बघतोच आहे.

(परतीचा प्रवास. वारा फिरलाय. फेस उडतोय.)

खारा वारा सुटलाय. होडी आपटत चाललीय, सगळे गप्प, अंगावर मीठ. सकाळच्या जागेवरून जाताना तांडेल वेग कमी करतात. निळा कॅन लाटेवर वरखाली होतोय. आणखी दोन होडीवाल्यांनी त्यांच्याकडे ठोकळ्याचा साचा मागितलाय. साचा म्हणजे पत्र्याचा कापलेला डबा, मध्ये सळीचा हूक. तो त्यांच्या अंगणात, माडाखाली पडलाय.

(धक्का. संध्याकाळ. गाईड मास्क गोड्या पाण्यात धुतोय.)

मास्क बारा, नळ्या बारा, सगळं मोजून पिशवीत. हंगाम मेअखेरीपर्यंत, मग पावसाळा, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. उद्या सकाळी साताऱ्याचे आठ जण येणार आहेत. उद्या त्रयोदशी.

"तेरा पाऊण पावणेदहा," तांडेल म्हणतात. "आठाक येवा."