तारण: ठेवताना आणि सोडवताना

राम राम मंडळी. आज तारणाविषयी बोलू. शब्द बँकेतला असला तरी आपल्या खान्देशात तो कपाटातल्या डब्यापर्यंत पोचलेला आहे. सोन्याची पोत घेताना घरातली बाई नक्षी बघतेच, पण अडीअडचणीला ती किती पैसे उभे करील, हाही हिशेब मनात मांडते.

तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी अडकवलेली वस्तू. जामीनदार हा माणूस, तारण ही वस्तू, आणि तिची मालकी तुमचीच राहते. कर्ज थकलं तरच ती विकून वसुली होते, तीही नोटीस देऊन, लिलाव करून. लिलावात कर्जापेक्षा जास्त पैसे आले, तर वरची रक्कम तुमची. ती कुणी आपणहून आणून देईल या भरवशावर राहू नका, मागा.

सोनं ठेवायला गेलात की मूल्यमापक दागिना कसोटीवर घासतो, वजन करतो आणि काळे मणी, खडे, लाख यांचं वजन वजा टाकतो. बाई म्हणते, "दादा, एवढं कमी कसं भरलं?" तर कारण हे. शिवाय भाव धरायचा तो दुकानातला आजचा नव्हे. मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि कालचा बंद भाव, यांतला जो कमी तो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार दवाखाना, लग्न अशा घरखर्चासाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही मर्यादा आहे. मुदतीअखेर एकरकमी फेडायचं असेल, तर या टक्क्यांत व्याजही धरतात, म्हणून हातात त्याहून कमी पडतं.

आपण व्याजदरावर घासाघीस करतो, पण सोडवायचं कसं हे विचारत नाही. माझ्या मते तेच आधी विचारावं. पैसे भरले की सोनं त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळालं पाहिजे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

आता शेतमाल. हरभरा घरात येतो तेव्हाच बाजारात आवक वाढते, भाव पडतो, आणि नेमकी लग्नसराई तोंडावर असते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे ती यासाठीच. तूर, हरभरा, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचला, सहा महिन्यांत फेडा. व्याज सहा टक्के. सगळ्याच समित्या ती राबवतात असं नाही, आधी चौकशी करा. रावेर-यावलच्या केळीला मात्र याचा उपयोग नाही, नाशवंत माल गोदामात थांबत नाही.

ट्रॅक्टरचं वेगळं. तो तुमच्या दारात उभा असतो, तुम्ही चालवता, पण आरसी बुकावर बँकेचं नाव असतं. याला नजरगहाण म्हणतात. शेवटचा हप्ता भरला म्हणून ते नाव आपोआप जात नाही. बँकेकडून ना-हरकत घेऊन आरटीओत काढून घ्यावं लागतं.

जमिनीचंही तसंच. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा तसाच दिसतो, आणि मुलगा नव्या कर्जाला गेला की तिथेच अडतो. बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद घ्या, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल मंजूर होऊन बोजा उतरला का ते नवा उतारा काढून पाहा. आणि १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला बँकेने तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

सावकाराकडे जायची वेळ आली, तर परवाना दाखवायला सांगा. राज्याच्या २०१४ च्या कायद्याने चक्रवाढ व्याजाला बंदी आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला, तर तिथून उठा.