शंका आली की फॉर्म भरा

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळ्यात कळव्यापासून नेरुळपर्यंत कुठल्याही मोठ्या ओपीडीत जा, तापाच्या पेशंटची रांग दाराबाहेर आलेली असते. समोर बसलेला इंटर्न. पेशंट म्हणतो, “डॉक्टर, जरा स्ट्राँग लिहून द्या, उद्या कामावर जायचंय.” व्हायरल तापावर अँटिबायोटिक चालत नाही, हे त्या मुलाला तोंडपाठ असतं. तरीही रांगेकडे बघून हात अझिथ्रोमायसिन लिहून जातो.

मी या मुलांना औषधशास्त्र शिकवते. शरीराला अँटिबायोटिकची सवय होते, असं बरेच जण समजतात. तसं नाही. बदलतात ते जिवाणू. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 मध्ये जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणून वॉर्डात माझा आग्रह असतो: पहिल्या डोसआधी कल्चर, म्हणजे कोणते जिवाणू आहेत ते शोधायला रक्ताचा नमुना, पाठवा. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे जिवावर बेतलेलं असताना, उपचाराला उशीर नकोच, पण रक्त घ्यायला कितीसा वेळ लागतो?

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. रात्री इंजेक्शननंतर पेशंटच्या अंगावर पुरळ उठतं. इंटर्न औषध थांबवतो, केसपेपरवर ‘रॅश’ लिहितो. उपचार चोख झाले, पण माहिती त्या केसपेपरातच राहते. खरं तर 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याची केंद्रं मेडिकल कॉलेजांतच चालतात. मग ही मुलं या नोंदीचा फॉर्म का भरत नाहीत? “सर रागावतील”, “औषधामुळेच झालं, याची खात्री नाही.” अरे, खात्री मागितलीय कुणी? शंका पुरेशी आहे. पेशंटचं पूर्ण नाव नको, आद्याक्षरं चालतात. आणि फॉर्मवरच छापलंय की नोंद केली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही.

अशाच नोंदी तपासून नोव्हेंबर 2023 मध्ये मेफेनॅमिक ॲसिडबद्दल देशभर इशारा दिला गेला. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतली जाणारी ही गोळी. क्वचित का होईना, तिची गंभीर रिॲक्शन येऊ शकते, हे कुणीतरी वेळ काढून फॉर्म भरला म्हणून कळलं.

श्रोतेहो, ही नोंद तुम्हीही करू शकता. त्रास झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर कळवा. गोळ्यांची पट्टी तेवढी टाकून देऊ नका. औषधाचं नाव आणि बॅच नंबर त्यावरूनच वाचून सांगता येतो.